सगळी माणसं बदलली, तरी बँड तोच कसा?

२०२५ साली 'ब्लॅक फ्लॅग' या अमेरिकेतल्या पंक बँडनं आपले नवे वादक जाहीर केले. संस्थापक गिटारवादक ग्रेग गिन सत्तरीतला, बाकीची तिघं विशीतली. बँड सुरू झाला १९७६ साली, म्हणजे या तिघांच्या जन्माच्या कितीतरी आधी. बातमी येताच ऐकणाऱ्यांत दोन तट पडले. एकांचं म्हणणं, हा ब्लॅक फ्लॅग नव्हेच, फक्त पाटी तीच आहे. दुसऱ्यांचं म्हणणं, गाणी तीच, गिटार तीच, ज्यानं बँड काढला तो समोर उभा आहे, मग आणखी काय पाहिजे?

बेळगावात पंक ऐकणारे थोडे आहेत, पण आहेत. कॉलेजातल्या मुलांच्या काळ्या टी-शर्टांवर या बँडांची नावं दिसतात आणि घरातली मोठी माणसं विचारतात, एवढ्या आरडाओरड्यात कोण गातंय यानं काय फरक पडतो? फरक पडतो. आणि हा प्रश्न आपल्याला परका तर अजिबात नाही. संगीत नाटक उभं करणारा माणूस याच जिल्ह्यात जन्मला आणि त्याच्या पश्चात त्याच्या कंपनीचं काय झालं, हे आपल्याकडच्या जुन्या पिढीला तोंडपाठ होतं. तिकडे पुढे येईनच. आधी पंककडून सुरुवात करू.

पंक म्हणजे काय

१९७० च्या दशकात रॉक संगीत फार मोठं आणि महाग होऊन बसलं होतं. दहा-दहा मिनिटांची गाणी, लांबलचक गिटारवादन, स्टेडियममधले कार्यक्रम, ट्रकभर सामान. न्यू यॉर्कमध्ये १९७४ च्या सुमारास आणि पाठोपाठ लंडनमध्ये काही तरुणांनी याच्या उलटी वाट धरली. दोन-तीन मिनिटांचं गाणं, तीन-चार सोपे कॉर्ड (एकदम छेडलेले सूर), वेग भरपूर आणि शब्द थेट. वाजवायला येत नसेल तर वाजवता वाजवता शिका, कंपनी रेकॉर्ड काढत नसेल तर स्वतः काढा, सभागृह मिळत नसेल तर दारूच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत कार्यक्रम करा. त्या संगीताला पंक म्हणू लागले. ब्रिटनमध्ये तेव्हा बेकारी वाढत होती. १९८२ च्या सुरुवातीला बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला. हाताला काम नाही, खिशात पैसा नाही आणि डोक्यात राग आहे, अशा पोरांना हे संगीत आपलं वाटलं.

आणखी दोन शब्द लागतील. लाइन-अप म्हणजे एका वेळी बँडमध्ये कोण कोण आहे आणि कोण काय वाजवतं. अंडरग्राउंड म्हणजे मोठ्या कंपन्या, टीव्ही आणि जाहिराती यांच्या आधाराशिवाय चाललेलं. छोट्या रेकॉर्ड कंपन्या, हाताने चिकटवलेली पोस्टरं, पोस्टानं फिरणाऱ्या कॅसेट आणि तोंडोतोंडी गेलेली कीर्ती यांवर उभं असलेलं.

माणसं सोडून का जातात

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, भांडण झालं असणार. भांडणं होतातच, पण खरं कारण बहुतेक वेळा हिशेबाचं असतं. अंडरग्राउंड बँडला पगार नसतो. रात्रीच्या कार्यक्रमातून आलेले पैसे व्हॅनचं डिझेल, तारा, ड्रमच्या काड्या आणि चौघांचं जेवण यांतच संपतात. दिवसा कुणीतरी कारखान्यात असतो, कुणी दुकानात, कुणी कॉलेजात. महिनाभराच्या दौऱ्यासाठी रजा मिळत नाही, मग नोकरी सोडायची की बँड, असा प्रश्न येतो. बहुतेकांचं उत्तर घरच्या परिस्थितीवर ठरतं.

शिवाय बँडची सुरुवात होते तेव्हा वय असतं तेरा ते वीस. त्या वयात आवडीनिवडी वर्षागणिक बदलतात. सोळाव्या वर्षी ज्याला वेगानं वेड लावलेलं असतं, त्याला विसाव्या वर्षी संथ आणि जड काहीतरी करावंसं वाटतं. वेगळं काही करायचं म्हणून तो निघतो आणि त्यात वाईट काहीच नाही.

मुळात बँडमध्ये माणसं असतात चार, फार तर पाच. चारांतला एक गेला म्हणजे पाव बँड गेला. म्हणून बाहेरच्यांना बदल इतका डोळ्यांत भरतो.

नेपाम डेथ: आज पहिल्या रेकॉर्डवरचा एकही माणूस नाही

या प्रश्नाचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण इंग्लंडमधल्या 'नेपाम डेथ' या बँडचं आहे. बर्मिंगहॅमजवळच्या मेरिडेन या खेड्यात १९८१ साली निक बुलन आणि माइल्स रॅटलेज या दोन शाळकरी मुलांनी तो सुरू केला. युद्ध, अण्वस्त्रं, मोठ्या कंपन्यांची लूट हे विषय आणि जमेल तेवढा कर्कश आवाज. पहिली काही वर्षं माणसं सतत येत-जात राहिली. संस्थापकांपैकी रॅटलेज पहिली रेकॉर्ड निघण्याच्या आधीच बाहेर पडला.

ती पहिली रेकॉर्ड 'स्कम', १९८७ सालची. तिची गोष्ट ऐकून विश्वास बसत नाही. पहिली बाजू १९८६ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या एका स्वस्त स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. त्यात निक बुलन गायला आणि त्यानंच बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवला, जस्टिन ब्रॉडरिक गिटारवर, मिक हॅरिस ड्रमवर. टेप तशीच पडून राहिली. दरम्यान ब्रॉडरिक दुसऱ्या बँडमध्ये गेला, बुलनही बाहेर पडला. मग नॉटिंगहॅमच्या 'इअरेक' या नव्या छोट्या रेकॉर्ड कंपनीनं ती टेप घ्यायचं ठरवलं, पण रेकॉर्डला दुसरी बाजू हवी होती. १९८७ च्या मे महिन्यात त्याच स्टुडिओत दुसरी बाजू झाली. या वेळी गायला ली डोरियन, गिटारवर बिल स्टीअर, बासवर जिम व्हाइटली. ड्रमवर मात्र तोच मिक हॅरिस.

म्हणजे एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंवर जवळजवळ दोन वेगळे बँड आहेत आणि त्यांना जोडणारा माणूस एकच. तरीही ही रेकॉर्ड जगभरात एकच कलाकृती म्हणून ऐकली जाते. ग्राइंडकोर नावाचा अतिवेगवान, अतिकर्कश संगीतप्रकार तिच्यापासून रुळला असं मानतात. तिच्यातलं एक गाणं १.३१६ सेकंदांचं आहे, सगळ्यात छोटं गाणं म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. हा त्यांचा थिल्लरपणा नव्हता. त्या गाण्यात चारच शब्द आहेत: तू सोसतोस, पण का? त्या प्रश्नाला आणखी लांबवायची गरज त्यांना वाटली नाही.

पुढचा प्रवास असा. 'स्कम' झाल्यावर १९८७ मध्येच बासवर शेन एम्बरी आला. त्याआधी तो या बँडचा निष्ठावान श्रोता होता. १९८९ साली डोरियन आणि स्टीअर दोघंही गेले. डोरियननं 'कॅथीड्रल' नावाचा संथ, जड संगीताचा बँड काढला. स्टीअरनं 'कार्कस' या आपल्या दुसऱ्या बँडला वाहून घेतलं. त्यांच्या जागी बर्मिंगहॅमचाच मार्क 'बार्नी' ग्रीनवे गायला आला आणि अमेरिकेतून दोन गिटारवादक आले, मिच हॅरिस आणि जेसी पिंटाडो. १९९१ साली ड्रमर मिक हॅरिस गेला. त्याच्यासोबत 'स्कम'वरचा शेवटचा माणूसही गेला. त्याची जागा डॅनी हेरेरानं घेतली.

१९९६ साली तर ग्रीनवेच बाहेर पडला आणि 'एक्स्ट्रीम नॉइझ टेरर' या बँडमध्ये गायला लागला. गंमत म्हणजे त्याच बँडचा गायक फिल व्हेन इकडे नेपाम डेथमध्ये आला. ती अदलाबदल टिकली नाही, पुढच्याच वर्षी ग्रीनवे परतला. पिंटाडो २००४ साली सुटला आणि २००६ साली वारला. २०१४ पासून मिच हॅरिस दौऱ्यांवर जात नाही, त्याच्या जागी जॉन कूक वाजवतो.

आता आजचा बँड बघा. एम्बरी, ग्रीनवे, हेरेरा. यांच्यातला एकही जण 'स्कम'वर नाही. पण एम्बरी १९८७ पासून आहे, ग्रीनवे १९८९ पासून, हेरेरा १९९१ पासून. मूळ कुणी नाही आणि तरीही यांतल्या प्रत्येकानं आयुष्याची तीन दशकं आणि वर या नावाला दिली आहेत. २०२० साली त्यांनी नवी रेकॉर्ड काढली आणि ती ऐकून हा दुसराच कुणी बँड आहे असं कुणी म्हटलं नाही.

यूके सब्स: एकटा टिकलेला माणूस

उलट टोकाचं उदाहरण लंडनच्या 'यूके सब्स'चं. १९७६ साली चार्ली हार्परनं हा बँड काढला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. पंकच्या मानानं वय बरंच झालेलं. आधी तो ब्लूज वळणाचं संगीत करायचा आणि पोटासाठी केस कापायचा. तेव्हापासून गिटारवर, बासवर, ड्रमवर इतकी माणसं येऊन गेली की त्यांची यादी वाचतानाच दम लागतो. मधला एकटा हार्पर कायम.

पण मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो एका वेगळ्याच गोष्टीसाठी. १९७९ साली त्यांचा पहिला अल्बम आला, त्याचं नाव इंग्रजी 'ए' अक्षरानं सुरू होत होतं. दुसरा 'बी'नं, तिसरा 'सी'नं. मग त्यांनी ठरवून टाकलं की पूर्ण इंग्रजी वर्णमाला गाठायची. माणसं बदलली, कंपन्या बदलल्या, लोकांचा रस कमी-जास्त झाला, पण अक्षरांचा क्रम मोडला नाही. २०१६ साली 'झेड'नं सुरू होणारा सव्विसावा अल्बम आला. हार्पर तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. सदतीस वर्षं एक छोटा नियम पाळणं ही माझ्या लेखी मोठीच निष्ठा आहे. नव्या येणाऱ्या प्रत्येक वादकाला पहिल्याच दिवशी कळायचं की आपण कुठल्या अक्षरावर आहोत आणि किती अक्षरं उरली आहेत. बँड म्हणजे आधीच चालू असलेलं काम, हे त्याला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

मग बँड नक्की असतो कुठे

खानापूर तालुक्यातलं किंवा बेळगावच्या आसपासच्या गावातलं भजनी मंडळ डोळ्यांसमोर आणा. आज जो पखवाज वाजवतो, त्याच्या आधी तिथे त्याचा चुलता होता, त्याच्या आधी आणखी कुणी. मंडळ ज्यांनी सुरू केलं ते सगळे वारले. तरी एकादशीला लोक म्हणतात, आपलं मंडळ आलं. का म्हणतात? पोरगा आधी टाळ घेऊन मागच्या रांगेत उभा राहिला. चाल कानावर पडून पडून अंगात मुरली. कुठे लय वाढवायची, कुठल्या अभंगाला कुणी उचलायचं, गजराला कुणाच्या डोळ्यांकडे बघायचं, हे त्यानं म्हाताऱ्यांच्या सोबत उभं राहून घेतलं. म्हातारा गेला तेव्हा तो तयार होता. आता असं समजा की एकाच वर्षी सगळी माणसं पोटापाण्यासाठी गोव्याला आणि पुण्याला गेली, दहा वर्षं देवळात भजन झालं नाही आणि मग नवख्यांनी तेच नाव फलकावर रंगवून सुरुवात केली. भजन चांगलं होईल, पण गावाला कळेल की मंडळ नवं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. मूळचे किती उरले, हे मोजून बँडची ओळख ठरत नाही. जुन्यासोबत नव्यानं काही काळ वाजवलं का आणि ही साखळी मध्ये कुठे तुटली का, हे बघायला हवं. 'स्कम'च्या दोन बाजूंमध्ये मिक हॅरिस ही कडी होती. तो जाण्याआधी चार वर्षं एम्बरी त्याच्या शेजारी बास वाजवत होता आणि एम्बरीच्या शेजारी पुढे सगळे आले. साखळी एकेका कडीवर आली, पण तुटली नाही.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. नेपाम डेथमध्ये आलेली बरीचशी माणसं अनोळखी नव्हती. एम्बरी श्रोता होता. डोरियन बँडमध्ये येण्याआधी कॉव्हेंट्रीत कार्यक्रम भरवायचा. बर्मिंगहॅममधल्या 'मर्मेड' नावाच्या पबात हे सगळे एकमेकांना ऐकत होते. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निपुण वादक आणला असता, तर गाणी बिनचूक वाजली असती, पण ती का वाजवायची हे त्याला ठाऊक नसतं.

हे आपल्याकडे १८८५ सालीच घडलं

अण्णासाहेब किर्लोस्कर, म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. काही काळ त्यांनी बेळगावात शिक्षकी केली. तिथेच गोविंद बल्लाळ देवल त्यांचे विद्यार्थी होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, शंकरराव मुजुमदार शकुंतला, बाळकोबा नाटेकर कण्व. १८८२ साली भाऊराव कोल्हटकर किर्लोस्कर मंडळीत, म्हणजे अण्णासाहेबांच्या नाटक कंपनीत, आले आणि 'सौभद्र'मधली त्यांची सुभद्रा गाजली. १८८५ साली अण्णासाहेब वारले, वय अवघं बेचाळीस. कंपनी काढणारा गेला, नाटकं लिहिणारा गेला.

कंपनी मात्र थांबली नाही. देवलांचं 'शारदा' १८९९ साली किर्लोस्कर मंडळीनंच रंगभूमीवर आणलं. १९०१ साली भाऊरावही वारले. लोकांना वाटलं, आता संपलं. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा कंपनीत आला, ज्याला आपण बालगंधर्व म्हणतो. तेव्हा कंपनी कोण चालवत होतं? शंकरराव मुजुमदार, पहिल्या प्रयोगातली शकुंतला. पहिल्या रात्री अण्णासाहेबांसोबत रंगमंचावर उभा असलेला माणूस पंचवीस वर्षांनी नव्या मुलाला शकुंतलेच्या भूमिकेत बघत होता. कडी जुळलेली होती ती अशी.

आणि फूटही पडली. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. लोकप्रिय आवाज तिकडे गेला, नाव इकडे राहिलं. इकडे दीनानाथ मंगेशकर पुढे आले. १९१८ साली तेही निघाले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. लंडनमध्ये किंवा लॉस एंजेलिसमध्ये जे घडलं म्हणून आज चर्चा होते, ते आपल्या आजोबा-पणजोबांनी तिकीट काढून पाहिलेलं आहे.

नाव कुणाचं? कोर्टाचं उत्तर वेगळं असतं

ऐकणाऱ्यांचा निकाल एक, कायद्याचा दुसरा. कायद्याला साखळी दिसत नाही, त्याला करार आणि मालकी दिसते.

न्यू जर्सीचा 'मिसफिट्स' १९७७ ते १९८३ चालला. गायक आणि गीतकार ग्लेन डॅनझिग, बासवर जेरी ओन्ली. नंतर दोघांत नावावरून वाद झाला आणि १९९५ साली तडजोड झाली. तिच्यामुळे ओन्लीला मिसफिट्स या नावानं वाजवता आलं. ज्यानं गाणी लिहिली आणि गायली त्याच्याशिवाय तो बँड वर्षानुवर्षं चालला. २०१६ साली दोघं पुन्हा एका मंचावर आले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या 'डेड केनेडीज'चं प्रकरण जास्त कडू. गायक जेलो बियाफ्रा आणि बाकीचे तिघं यांच्यात मानधनाच्या हिशेबावरून वाद पेटला. २००० साली ज्यूरीनं तिघांच्या बाजूनं निकाल दिला. २००१ पासून ते तिघं दुसऱ्या गायकाला घेऊन त्याच नावानं वाजवू लागले. साखळीच्या माझ्या कसोटीवर तो बँड उतरतो, चारांतले तीन जुन्याच बँडमधले होते. तरी असंख्य श्रोते त्याला मानत नाहीत, कारण त्या बँडचं बोलणं हे बियाफ्राचं बोलणं होतं. ही माझ्या कसोटीची मर्यादा आहे आणि ती मला मान्य आहे.

ब्लॅक फ्लॅगचंही तेच झालं. २०१३ साली जुन्या सभासदांनी 'फ्लॅग' या नावानं जुनी गाणी वाजवायला सुरुवात केली, त्याच वर्षी गिननं स्वतःचा ब्लॅक फ्लॅग पुन्हा सुरू केला आणि त्यांच्यावर दावा लावला. त्यांचे कार्यक्रम तात्पुरते थांबवण्याची गिनची मागणी कोर्टानं फेटाळली. २०१४ साली तडजोड झाली.

"गायक बदलला म्हणजे बँड बदललाच ना?"

हा सगळ्यात पहिला आक्षेप असतो आणि त्यात दम आहे. आवाज ही सगळ्यात वैयक्तिक गोष्ट. पण ब्लॅक फ्लॅगकडेच बघा. १९८६ साली तो पहिल्यांदा फुटला तोपर्यंत त्याला चार गायक होऊन गेले होते: कीथ मॉरिस, रॉन रेयेस, डेझ कडेना आणि हेन्री रोलिन्स. आज बहुतेकांना ब्लॅक फ्लॅग म्हटलं की रोलिन्सचा आवाज आठवतो आणि तो चौथा होता. तोही आधी श्रोताच होता. भाऊरावांच्या नंतर कुणी सुभद्रा करू नये असं म्हणणारे रसिक असतीलच, आणि पुढच्या पिढीसाठी सुभद्रा म्हणजे बालगंधर्व झाले. ज्यानं जो आवाज तरुणपणी ऐकला, त्याला तोच मूळ वाटतो.

"हे नुसतं नाव विकून खाणं नाही का?"

कधी कधी असतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. एक मूळ वादक, तीन भाडोत्री आणि चाळीस वर्षांपूर्वीचीच वीस गाणी, अशी गाडी काही जण चालवतात. माझ्यापुरती खूण सोपी आहे: नवी गाणी होतात का? यूके सब्स वर्णमाला संपवूनही थांबले नाहीत, २०२२ साली त्यांनी पुढचा अल्बम काढला. जिथे नव्या माणसाला नवं गाणं करण्याची मुभा आहे, तिथे तो बँडचा सभासद आहे. जिथे त्यानं फक्त जुन्याची नक्कल करायची, तिथे तो नोकर आहे, मग मंचावर मूळचे कितीही असोत.

बेळगावच्या मुलांनी यातून काय घ्यावं

आपल्याकडे कॉलेजात बँड होतात आणि शेवटचं वर्ष संपलं की विझतात. एक बंगळुरूला, एक पुण्याला, एक पणजीला, उरलेला घरच्या दुकानात. चौघंही एकाच वर्गातले, म्हणून चौघंही एकाच वेळी जातात. याला उपाय अवघड नाही. दोन जागा धाकट्या वर्गातल्या मुलांना द्या, भले त्यांना अजून नीट वाजवता येत नसो. एक वर्ष सोबत वाजवलं की पुढच्या वर्षी नाव त्यांच्या हाती देता येतं.

दुसरं म्हणजे कागद करा. नफा वाटून घेण्याच्या बोलीवर चार जण मिळून कार्यक्रमांचा धंदा करत असतील, तर कायद्याच्या नजरेत ती भागीदारी ठरू शकते, लेखी काही नसलं तरी. आणि १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर एक भागीदार वारल्यावर भागीदारीच संपते. म्हणून साध्या मराठीत एक पान लिहा: कुणी सोडून गेला तर नाव कुणाकडे राहील, त्यानं केलेल्या गाण्यांचे पैसे त्याला कसे मिळतील, नवा माणूस कुणाच्या संमतीनं येईल. चौघांच्या सह्या घ्या. मैत्री घट्ट असते तेव्हाच हे पान लिहून होतं. पुढे कुणी लिहीत नाही.

नावाची नोंदणी ट्रेडमार्क म्हणून करता येते. मनोरंजनाच्या सेवा ४१ व्या वर्गात येतात. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गासाठी ४५०० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षांची आणि नूतनीकरण करत राहता येते. इथे सीमाभागातल्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कर्नाटक चेन्नईच्या ट्रेडमार्क कार्यालयाखाली येतं, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या. बेळगाव किंवा निपाणीचा पत्ता दिला की अर्ज चेन्नईकडे, कागल किंवा कोल्हापूरचा दिला की मुंबईकडे. गाण्याचे हक्क मात्र नावापेक्षा वेगळे. ते सहसा रचणाऱ्याकडे राहतात, तो बँडमध्ये असो वा नसो, आणि आपल्या कायद्यात त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं चालतात.

ऐकायचं असेल तर

'स्कम' एका बैठकीत ऐका, अर्ध्या तासाच्या आसपास होते. पहिली बारा गाणी पहिल्या बाजूची. बारावं ते सव्वा सेकंदाचं, ते ऐकू येईपर्यंत संपलेलं असतं. तेराव्यापासून गायक, गिटार आणि बास सगळं बदलतं. तिथे शब्दांच्या मागे धावू नका, ते इंग्रजांनाही कळत नाहीत. फक्त ड्रमवर कान ठेवा. मिक हॅरिस दोन्ही बाजूंना तसाच तुटून पडलेला आहे. मग २०२० ची रेकॉर्ड लावा, ज्याच्यावर तोही नाही, आणि डॅनी हेरेरानं त्याच्याकडून काय घेतलं आणि काय आपलं घातलं ते शोधा.